‘सॅक कोणती घेऊ?’

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीट करून लिहिलं आहे. मध्येमध्ये झालेला दंगा गाळला आहे.)



माझी ओळख करून देताना ‘आयटी क्षेत्रातलं मोठं नाव’ असं काहीतरी म्हटलं गेलं. तसं काही नाही. मी एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते, आणि आता वय झालं म्हणून दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासतेही. आज मला बोलायला उभं केलंय ते त्यासाठी नाहीच. काल रात्री जेवणं झाल्यावर आपण ठरवलं की १९९६ ची दहावीची बॅच येत्या जानेवारीत रतनगड ते हरिश्चंद्रगड जाणार. तीन रात्री, चार दिवस. तेवीस हात वर झाले. आणि त्यानंतर रात्री साडेबारापर्यंत मला अकरा जणांनी एकच प्रश्न विचारला, ‘अगं, सॅक कोणती घेऊ?’ प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन मी थकले, तेव्हा संयोजक म्हणाले, उद्या वीस मिनिटं घे आणि सगळ्यांना एकदाच सांग.

तर सांगते. पण थेट सॅकवर येत नाही, आधी जरा मागे जाते.

नववीत असताना, १९९४ च्या डिसेंबरात, पी.टी.च्या सरांनी आपल्याला काळदुर्गावर नेलं होतं. बोईसरहून शटलने पालघर, तिथून मनोरच्या एस.टी.ने वाघोबा खिंड. सर आज पहिल्या रांगेत बसलेत, त्यांना आठवत असेल. पालघरच्या फलाटावर त्यांनी जुना पेपर पसरला आणि एकेकाचं दप्तर त्यावर रिकामं करायला लावलं. आपल्याकडे तेव्हा सॅक कुणाकडे होती? शाळेचं दप्तर, नाहीतर बाबांची कारखान्यात न्यायची रेक्झिनची पिशवी. त्यातून काय काय निघालं! एकाच्या दप्तरात चार सेलचा ट्रान्झिस्टर, एकीच्या पिशवीत दोन किलो शेवेचा स्टीलचा डबा, आणि एका महाभागाकडे कॅरमच्या सोंगट्या. बोर्ड नव्हता, नुसत्या सोंगट्या. सरांनी निम्मं सामान बाजूला काढून ओळखीच्या दुकानदाराकडे ठेवलं. आम्हाला फार राग आला होता.

खिंडीतून वर चढायला लागलो तेव्हा वरून वारली बायका मोळ्या घेऊन उतरत होत्या. आपण बसत-उठत चाललेलो, आणि त्या डोक्यावर मोळी घेऊन, हात मोकळे सोडून, आपसात हसत-बोलत उतरल्या. सरांनी त्यांना थांबवून, विचारून, आपल्यातल्या दोन मुलांना एक मोळी उचलायला लावली. दोघांना मिळून ती कमरेच्या वर जाईना. तेव्हा एका बाईने डोक्यावरची चुंबळ काढून दाखवली. जुन्या लुगड्याच्या चिंधीची गोल गुंडाळी. सर एवढंच म्हणाले, ‘ओझं कुठे ठेवायचं ते हिला माहीत आहे, तुम्हाला नाही.’ मी ते ऐकलं आणि सोळा-सतरा वर्षं विसरून गेले.

आता माझी फजिती. ही गोष्ट आजवर मी या वर्गातल्या फक्त दोघींना सांगितली आहे.

२०११ साली मी हाच ट्रेक केला. रतनवाडीहून रतनगड, तिथून कात्राबाईच्या खिंडीने कुमशेत, मग पाचनई आणि हरिश्चंद्रगड. तोवर मी आपल्या भागातले एका दिवसाचे किल्ले बरेच केले होते: अशेरी, आसावा, तांदुळवाडी, कोहोज. त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा समज होता. मुक्कामाचा ट्रेक मात्र पहिलाच. माझ्याकडे मोठी सॅक नव्हती. भावाची होती, पंचाहत्तर लिटरची. भाऊ माझ्यापेक्षा चांगला वीतभर उंच. फुकट मिळाली म्हणून खूश झाले आणि भरायला घेतली. पंचाहत्तर लिटरची सॅक घरात उघडली की ती भरल्याशिवाय राहवत नाही, हा माझा अनुभव आहे. जागा दिसली की टाक. दुसरं जॅकेट टाक, मोठा टॉवेल टाक, आईने दिलेले बेसनाचे लाडू टाक. निघताना भाजीवाल्याच्या काट्यावर गंमत म्हणून वजन केलं, सतरा किलो भरलं. माझं वजन तेव्हा चोपन्न. म्हणजे अंगाच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा पाठीवर. गणित येत होतं, पण ते करावंसं वाटलं नाही.

रतनगडाच्या शिड्यांवरच त्रास सुरू झाला. सॅकचा कमरेचा पट्टा माझ्या कमरेच्या हाडावर बसतच नव्हता. सॅकची पाठ माझ्या पाठीपेक्षा लांब, त्यामुळे पट्टा खाली जांघेजवळ यायचा आणि दर पावलाला मांडीला घासायचा. वैतागून मी तो सोडून टाकला. सतराच्या सतरा किलो दोन खांद्यांवर आले. त्या रात्री गडावरच्या गुहेत खांद्यांवर लाल वळ दिसले, ते होणारच म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी कुमशेतला पोचेपर्यंत उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येत होत्या. तिसऱ्या रात्री हरिश्चंद्रगडावर मला बाटलीचं झाकण फिरवता येईना. सगळे कोकणकड्यावर सूर्यास्त बघायला गेले होते आणि मी देवळाच्या ओट्यावर बसून डाव्या हाताने उजवी बोटं चोळत होते.

घरी आल्यावर दोन दिवसांत बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. वेणी घालता येईना, दोरीवर कपडे वाळत टाकता येईनात. आणि माझं काम म्हणजे दिवसाचे नऊ तास कीबोर्ड. डॉक्टरांनी तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘किती वजन, किती दिवस?’ मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा खांद्याच्या पट्ट्याखाली दाबल्या गेल्या होत्या. सैनिकांमध्ये हे दिसतं म्हणे, त्याला नावच आहे, रकसॅक पाल्सी. बहुतेकांचं बरं होतं, पण वेळ लागतो. मला दीड महिना लागला.

त्या दीड महिन्यात मी ऑफिसात कुणालाही सांगितलं नाही. आमचं एक मोठं काम महिनाअखेर ग्राहकाकडे जायचं होतं आणि टीमची जबाबदारी मला पहिल्यांदाच मिळाली होती. तीन वर्षांच्या मुलाला घरी ठेवून ही डोंगर चढायला जाते आणि हात निकामी करून येते, हे वाक्य कुणी बोललं नसतंही, पण मला ते सारखं ऐकू यायचं. डाव्या हाताने टाइप केलं. रात्री मूल झोपल्यावर दिवसाचं राहिलेलं पुरं केलं. एकदा बाथरूममध्ये दार लावून रडले, कारण मला खरंच वाटलं की आता हे हाताचं काम सुटलं.

आई तेव्हा माझ्याकडे राहायला आली होती. तिने एकदाच विचारलं, ‘एवढं काय होतं त्या पिशवीत?’ मी सांगितलं. मग म्हणाली, ‘आम्ही टाकीवरून पाणी आणायचो, एक हंडा डोक्यावर, एक कळशी कडेवर. पोटात तू होतीस तरी आणायचे. माझा हात कधी बधिर झाला नाही.’ हे टोमणा म्हणून नव्हतं, तिला खरंच कळत नव्हतं. मला मात्र त्या दिवशी काळदुर्गावरची चुंबळ आठवली.

डोक्यावरचा हंडा मानेच्या मणक्यांवरून सरळ खाली जातो. कडेवरची कळशी कमरेच्या हाडाच्या कडेवर टेकते. सातपाटीच्या कोळणी पाटी घेऊन गाडीत चढतात तेव्हा बघा, ओझं कायम हाडावर असतं, मांसावर नाही. हाड थकत नाही, स्नायू थकतो. आणि मी काय केलं होतं? सतरा किलो उचलून अशा जागी टांगले जिथे हाड पातळ आणि त्याच्या जवळूनच हाताच्या सगळ्या नसा जातात. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला भाराच्या वाटपावर मला चांगले मार्क होते, बरं का.

तेव्हा सॅकबद्दल माझं म्हणणं एकच आहे. सॅक पाठीला लावायची असली तरी ती कमरेसाठी घ्यायची. चांगल्या सॅकमध्ये बहुतेक वजन कमरेच्या पट्ट्यावर येतं, खांद्याचे पट्टे तिला फक्त मागे कलू देत नाहीत. तसं व्हायचं असेल तर दोन गोष्टी लागतात. एक, सॅकच्या आत सांगाडा हवा, धातूच्या पट्ट्या किंवा सळई, जी वरचं वजन कमरेपर्यंत आणून देईल. नुसत्या फोमची मऊ पाठ असली तर सॅक बसते, पोत्यासारखी. आणि दुसरं, त्या सांगाड्याची लांबी तुमच्या पाठीच्या लांबीएवढी हवी. उंचीएवढी नाही, पाठीएवढी.

हे कुणाला पटत नाही म्हणून मी शिंप्याची टेप आणली आहे.

(इथे वर्गातल्या सर्वांत उंच मुलाला आणि त्याच्याहून जवळजवळ एक फुटाने बुटक्या असलेल्या मैत्रिणीला व्यासपीठावर बोलावून मापं घेतली.)

मान पुढे झुकवा. मानेच्या मुळाशी जे हाड टोचतं, तिथे टेपचं एक टोक. आता दोन्ही हात कमरेवर ठेवा, भांडायला उभं राहतो तसे, अंगठे मागे. बोटांना जी हाडाची कड लागते त्या पातळीवर अंगठे पाठीवर जिथे येतात, तिथपर्यंत माप घ्यायचं. मणक्याच्या वळणावरून, टेप ताणून नाही. बघा, हा सहा फुटी, याची पाठ शेहेचाळीस सेंटिमीटर. आणि हिची चव्वेचाळीस. एक फुटाचा फरक सगळा पायांत आहे! माझी एक्केचाळीस आहे. भावाची सॅक बावन्नच्या आसपासच्या पाठीला होती. म्हणजे तो पट्टा माझ्या कमरेवर बसणं शक्यच नव्हतं, मी कितीही ओढला असता तरी.

बायकांसाठी आणखी एक. आपल्या पाठी साधारण आखूड, खांदे अरुंद, कमरेचं हाड बाहेर पसरलेलं. पुरुषांच्या मापाची सॅक लहान करून गुलाबी रंगात आणली म्हणजे ती बायकांची होत नाही. खांद्याचे पट्टे छातीशी वळलेले हवेत, आणि कमरेचा पट्टा वरच्या बाजूला थोडा आत कललेला. आता बऱ्याच कंपन्या बायकांसाठी वेगळी पाठ करतात, किंवा पाठीची लांबी मागेपुढे करता येते अशी सॅक देतात. २०१२ मध्ये मी घेतली ती तशीच. अजून तीच वापरते. रंग उडालाय, एक चेन बदलून घेतली आहे, बाकी ठणठणीत.

आता लिटर. काल सगळ्यांनी आधी हेच विचारलं, पन्नास घेऊ की साठ घेऊ. हा प्रश्न शेवटचा आहे. आधी सामान मांडा. सरांनी पेपर पसरला होता तसा घरी पलंगावर चादर पसरा, सगळं त्यावर ठेवा आणि एकेक वस्तू काट्यावर ठेवून लिहून काढा. स्वयंपाकघरातला छोटा काटा चालतो. माझी जानेवारीची यादी सांगते. रिकामी सॅक १.९ किलो, स्लीपिंग बॅग १.२, कॅरीमॅट ०.४, कपडे १.५, विंडचीटर ०.३, पाणी तीन लिटर म्हणजे तीन किलो, माझ्या वाट्याचा शिधा १.५, टॉर्च-औषधं-पट्ट्या ०.६, ताट-मग ०.३, आणि ज्याचा हिशेब लागत नाही असं अर्धा किलो. एकूण ११.२. माझं वजन आज अठ्ठावन्न, त्याचे वीस टक्के ११.६. आपल्या वयाला आणि आपल्या सवयीला ही मर्यादा पुरे. वीस वर्षांचा सराईत पोरगा पंचवीस टक्केही नेईल, नेऊ दे त्याला.

बघा, यात सर्वांत जड काय आहे? पाणी. ते कमी करायचं नाही. त्या वाटेवर जानेवारीत टाक्यांमध्ये आणि गावांमध्ये पाणी मिळतं, पण मधले टप्पे लांब आहेत. शिधा मात्र कमी होतो, कारण रतनवाडी, कुमशेत, पाचनई या गावांत आधी सांगून ठेवलं तर पिठलं-भाकरी मिळते आणि त्या घराला चार पैसेही मिळतात. तिथे मॅगीची बारा पाकिटं वाहून न्यायची गरज नाही. आणि ज्यांच्या डोळ्यांसमोर अजून सोंगट्या आहेत त्यांनी त्या घरी ठेवाव्यात.

हे सगळं सामान पन्नास लिटरमध्ये बसतं. तंबू वाटून न्यायचा असेल तर पंचावन्न-साठ. त्याच्या वरची सॅक आपल्या ट्रेकला घेऊ नका, ती माझ्या भावाच्या सॅकसारखी तुमच्याकडून भरून घेईल.

दुकानात गेलात तर रिकामी सॅक पाठीला लावून आरशात बघू नका. रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते. तिच्यात आठ-दहा किलो टाकायला सांगा. मोठ्या दुकानांत त्यासाठी वाळूच्या पिशव्या असतात; नसतील तर पाण्याच्या बाटल्या भरून घेऊन जा, लाजू नका. आधी सगळे पट्टे सैल करायचे. सॅक चढवायची. पहिल्यांदा कमरेचा पट्टा, त्याची गादी हाडाच्या कडेवर अर्धी वर अर्धी खाली, आणि तो घट्ट. मग खांद्याचे पट्टे, फक्त टेकतील इतके. मग खांद्याच्या वर जे छोटे पट्टे असतात ते किंचित ओढायचे, म्हणजे सॅकचं डोकं पाठीकडे येतं. शेवटी छातीची क्लिप. आता खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. नंतर वीस मिनिटं दुकानात फिरा, जिना असेल तर चढा-उतरा. दुकानदार कंटाळेल. कंटाळू दे. दोन हजारांपासून वीस हजारांपर्यंत सॅका मिळतात आणि महागडी न बसणारी सॅक ही स्वस्त न बसणाऱ्या सॅकइतकीच वाईट. रस्त्यावर मोठ्या कंपनीचं नाव शिवून ज्या मिळतात त्यांचा कमरेचा पट्टा बहुधा नुसती पट्टी असतो, गादी नसते, आणि आत सांगाडाही नसतो. ट्रेक एकदाच करायचा असेल तर चांगली सॅक भाड्याने घ्या, ते जास्त शहाणपणाचं. पण भाड्याने घेतानाही टेप घेऊन जा.

मध्ये आपल्या कोलोरॅडोच्या मित्राचं सांगते, तो आज ऑनलाइन बघतोय. त्याच्या ऑफिसातले लोक शरद ऋतूत परवाना काढून चार-पाच दिवस डोंगरात शिकारीला जातात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो विषय संपला, आणि आपण जाणार तो तर अभयारण्याचाच भाग आहे, त्यामुळे शिकारीबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण त्यांच्या सॅकबद्दल त्याने जे सांगितलं ते मला फार आवडलं. ते लोक सॅक निवडताना जातानाचं ओझं धरत नाहीत, येतानाचं धरतात. एल्क मिळालं, म्हणजे आपल्या सांबराच्या जातकुळीतलं थोराड हरीण, तर त्याचं मांस पाठीवरूनच उतरवायचं असतं, तेही दोन-तीन फेऱ्यांत. म्हणून त्यांच्या सॅकची पिशवी सांगाड्यापासून सुटते आणि मधल्या जागेत ते ओझं बांधता येतं. पिशवी केवढीही असो, सांगाडा दुप्पट वजनाचा घेतात.

मला हे ऐकून २०१९ ची जानेवारी आठवली. आम्ही चौघी, हीच वाट. कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतकडे उतरताना सुट्या दगडावरून एकीचा पाय मुरगळला. ती आज दुसऱ्या रांगेत बसली आहे, नाव घेऊ नकोस अशी खूण करतेय. हाड मोडलं नव्हतं, पण घोटा नारळाएवढा झाला. काठी धरून ती कशीबशी चालू शकत होती, ओझं घेऊन नाही. दुपारचे अडीच वाजलेले, जानेवारीत अंधार लवकर. मोबाइलला रेंज नाही. तिची अकरा किलोंची सॅक आम्ही तिघींनी वाटून घेतली. माझ्या वाट्याला साडेतीन किलो आणि तिची रिकामी सॅक वरून बांधायला. माझी सॅक त्या दिवशी सोळा किलोंच्या वर गेली, म्हणजे २०११ च्या जवळपास तेवढीच. मी उतरताना सारखी उजव्या हाताची बोटं उघडझाक करून बघत होते. त्या भीतीने, पायाखालच्या घसाऱ्याच्या नाही. कुमशेतला पोचायला सात वाजले. मांड्या थरथरत होत्या, गुडघे बोलत होते. पण पोचल्यावर मी बाटलीचं झाकण उघडून तिला पाणी दिलं. उजव्या हाताने.

म्हणून म्हणते, यादी अकरा किलोंची करा, पण सॅकचा सांगाडा पंधरा-सोळा किलो पेलणारा बघा. तेवीस जण आहोत, आणि सगळे पंचेचाळिशीच्या पुढचे. कुणाचा तरी पाय मुरगळणार हे धरूनच चला. त्याची सॅक कुणाच्या तरी पाठीवर जाणार.

थोडं भरण्याबद्दल, पटकन. स्लीपिंग बॅग तळाला. जड वस्तू पाठीला लागून, साधारण खांद्याच्या पात्यांच्या मध्ये. हलकं बाहेरच्या बाजूला. बाहेर काही लटकवू नका, मग ना मग, ना चपला. रतनगडाच्या शिड्या अरुंद आहेत आणि कारवीतून जाताना लोंबणारी प्रत्येक गोष्ट अडकते. कॅरीमॅट आडवी बांधली की दारातून जाताना माणूस मागे खेचला जातो, उभी बांधा. आतून एक जाड प्लॅस्टिकची पिशवी लावा, खताच्या गोणीत असते तशी. वरून घालायच्या रेनकव्हरपेक्षा तिच्यावर माझा जास्त भरवसा आहे. आणि पावसाळ्यात कधी गेलात तर ओढा ओलांडण्याआधी कमरेचा पट्टा आणि छातीची क्लिप सोडून ठेवायची. पाण्यात पाय गेला तर सॅक सुटली पाहिजे, तुम्ही तिच्याबरोबर जायचं नाही.

शेवटचा मुद्दा थोडा नाजूक आहे. काल हात वर करणाऱ्यांमध्ये दोघांच्या मणक्याची तक्रार आहे, एकाची मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली आहे. त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, आणि डॉक्टर हो म्हणाले तर ओझ्याशिवाय यावं. रतनवाडीत वाटाड्या मिळतो, तसा ओझं न्यायला माणूसही मिळतो. त्यात कमीपणा नाही. फक्त त्याच्या डोक्यावर गाठोडं देऊ नका. त्यालाही बसणारी सॅक द्या, त्याच्याही पाठीचं माप घ्या, आणि बारा-पंधरा किलोंच्या वर लादू नका. नसा त्यालाही आहेत.

सर काल म्हणाले, ‘मी पण येतो.’ सर, तुम्ही पंचाहत्तरीचे आहात, पण काळदुर्ग तुम्ही अजून चढता हे मला माहीत आहे. तुमची सॅक आम्ही वाटून घेऊ. तेवढं धरून मी माझा सांगाडा बघितला आहे.

ट्रेकच्या आधी एक सराव ठेवला आहे. डिसेंबरचा दुसरा रविवार, पहाटे साडेसहा, पालघर स्टेशनच्या बाहेर. तिथून वाघोबा खिंड आणि काळदुर्ग. प्रत्येकाने जी सॅक जानेवारीत न्यायची तीच आणायची, जानेवारीचंच सामान भरून. फलाटावर पेपर पसरायचं काम सरांकडे.

टेप माझ्याकडे आहे. जेवणाच्या रांगेत उभं राहण्याआधी ज्यांना माप घ्यायचंय त्यांनी इकडे डाव्या बाजूला या. जेवून आल्यावर कमरेचं हाड सापडत नाही.